न्हाणीची कडी

“पुन्तेन…” वरच्या वाटेवरून बापाची हाक यायची. येऊ का, म्हणून. खाली बांबूच्या नळीतून पडणाऱ्या धारेखाली लिलिसची आई छातीशी लुंगी बांधून अंघोळ करत असायची. तिने “मांग्गा” म्हटलं, या म्हटलं, तरच बाप पायऱ्या उतरायचा; नाहीतर फणसाखाली पाठ फिरवून लवंगेची सिगारेट ओढत बसायचा. संसार जुना झाला, पोरं हाताशी आली, तरी त्याची हाक आणि तिचा होकार कधी चुकला नाही.

लग्नानंतर लिलिस डोंगरातलं गाव सोडून बांडुंग शहरात आली; तिथल्या भाड्याच्या घरात धार नव्हती. न्हाणीत पाण्याची टाकी होती, प्लास्टिकचा मग होता, आणि दाराला एक कडी. तेवढ्या कडीत लिलिसचं सगळं माहेर मावायचं. आत ती डोंगरातली गाणी गुणगुणायची, कधी रडायचीही, आणि बाहेर यायची ती तोंड धुऊन, हसतमुख.

ईद झाली आणि कडी गेली. “गंजून पडली, टाकून दिली,” यायान म्हणाला. “नवी आणतो, नेंग.” बायकोला तो लाडाने नेंग म्हणायचा, ती त्याला मानाने आकांग. गॅरेजात दिवसभर खिळेमोळे हाताळणारा नवरा, पण कडी काही आली नाही. उलट लिलिस अंगावर पाणी घेत असताना तो खुशाल दात घासायला आत यायला लागला.

“आकांग, जरा थांबा की.”

“का? मी काय शेजारचा आहे?”

ती लुंगी वर ओढून हसायची. ते हसू त्याने होकारात जमा केलं.

एका दुपारी कढईचा दांडा सैल झाला, म्हणून तिने त्याची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी कडी. गंजाचा ठिपका नाही. पुसून, तेल लावून, स्क्रूंसकट फडक्यात बांधलेली. इतकी जपून ठेवलेली पाहून तिचा जीव जास्तच जळला.

संध्याकाळी तिने ती त्याच्या कॉफीशेजारी ठेवली. “ही पडली होती?”

यायान कॉफी ढवळत राहिला. “मीच काढली. तू आत रडायचीस. विचारलं तर म्हणायचीस, काही नाही. वाटलं, दार उघडं राहिलं तर मनही उघडशील.”

“उघडलं?”

तिने कडी उचलली, पेचकस घेतला, आणि न्हाणीत जाऊन स्वतःच्या हाताने बसवली. मग आतून लावून घेतली.

पाणी अंगावर पडत होतं. बाहेर पावलं आली, थांबली. यायानही त्याच डोंगरातला. या घरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तो शब्द आला.

“पुन्तेन, नेंग.”

जन्माच्या सवयीने “मांग्गा” तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. हातातला मग खाली ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “आणि ऐका, आकांग. मी हसायचे ना, तेव्हा मला तुमची भीती वाटायची. दर वेळी.”