मागच्या दरवाजातली पाकळी

हुस्नबानोचा राग एरवी चहाएवढाच टिकायचा. कपात असेपर्यंत गरम. पण त्या मंगळवारी तो दुपारपासून उकळतच होता, आणि खालचा गॅस बंद करायला कोणी तयार नव्हतं.

खामगावात टॅक्सी स्टँडसमोर तिचं सीटकव्हर शिवायचं दुकान. शेजारच्या पत्र्याखाली नवरा, बशीर, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. तिला शिवणकाम कोणी शिकवलं नव्हतं. एका भंगार जीपची सीट उसवून, उलटी करून, तीच शिकली होती. पहिलं कव्हर इतकं वाकडं झालं, की गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मी याच्यावर बसू का हे माह्यावर बसन?" तिने ते तीनदा उसवून पुन्हा शिवलं. त्यानंतर वीस वर्षांत तिच्या टाक्याला कोणी बोट लावलं नव्हतं.

आता लावलं ते पंजाबराव गुरुजींनी. निवृत्तीनंतर त्यांनी नव्या कंपनीची बॅटरीवरची गाडी घेतली होती आणि पुढच्या दोन सीटांची कव्हरं बानोकडून शिवून घेतली होती. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. तिसऱ्या दिवशी वाळला हार काढून गुरुजींनी मोटरचा पाइप लावून गाडी धुतली, तर आत पाणीच पाणी. शोरूमवाल्यांनी कागदावर लिहून दिलं: "बाहेरून सीटकव्हर बसवल्याने दरवाजाचे रबर हलले. वॉरंटी लागू नाही." गुरुजी हा कागद घरी न नेता आधी चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मास्तर माणूस, मोठ्याने वाचायची सवय.

दुपारी टॅक्सीवाला आसिफ दुकानात आला. "भाभी, रागावू नका. पण कव्हरासाठी देल्लं माहं कापड परत देता का? स्टँडवर सगळे म्हणून राह्यले..."

"काय म्हणून राह्यले?"

"तुम्ही हात लावला का गाडी गळते म्हणून."

बानोने कापड दिलं नाही. कात्री खाली ठेवली. तेवढ्यात गुरुजीच तो कागद घेऊन आले, चेहरा असा की जणू नापासाची गुणपत्रिकाच द्यायला आले आहेत.

"बाई, माहं काही म्हणणं नाही. पण त्यायनं लिहून देल्लं ना!"

"गुरुजी, त्यायनं लिहिलं अन् तुम्ही गावभर वाचलं. मले एक डाव इच्यारलं काऊन नाही?" तिने ओढणी खोचली. "चला शोरूमले. अन् आसिफ, तूही चल. तुही गाडी घेऊन."

आसिफची गाडी म्हणजे गुरुजींचीच जुनी. जुन्या नावाजलेल्या कंपनीची. अठरा वर्षं संग्रामपूरच्या खड्ड्यांत गुरुजींनी चालवली आणि मग आसिफला विकली. निघताना बशीरने जुन्या वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडून बायकोच्या हातात दिल्या. दरवाजा बसवल्यावर तो याच पट्टीने तपासायचा. रबर आणि चौकट यांच्यात कागद धरायचा, दरवाजा लावायचा, कागद ओढायचा. अडकला तर दरवाजा बसला. सरकन निघून आला तर पाणीही तसंच आत जाणार.

शोरूम बायपासवर होतं. काचेचं, थंडगार. शिवम नावाचा मॅनेजर समोर आला.

"आंटी, प्लीज, आमच्या गाडीत सत्तावीस सेन्सर आहेत."

"असतीन बेटा. त्यातला एक तरी बोंबलला का, पाणी आत येऊन राह्यलं म्हणून?"

बसलेली गिऱ्हाइकं हसली. शिवम हसला नाही. "ह्या नव्या जमान्याच्या गाड्या आहेत. जुन्या कंपन्यांचे डबे वेगळे."

"डबा?" बानो आसिफच्या गाडीकडे गेली. पट्टी धरली, दरवाजा लावला. धप्प. "ओढ."

शिवमने ओढली. पट्टी फाटली, अर्धी हातात, अर्धी दरवाजात. चारही दरवाजांवर तेच झालं.

मग शोरूमसमोरच उभी असलेली गुरुजींची नवी गाडी. पुढचा दरवाजा लावला, तर ताटली पडावी तसा खणकन वाजला. पट्टी अलगद निघून आली. दुसऱ्या दरवाजाची इतकी घट्ट, की निघेचना. एकाच गाडीची दोन दारं, जणू दोन सवतींनी बसवलेली.

"पुढचे दरवाजे तुम्ही उघडून काम केलंय," शिवम म्हणाला. "तिथलं रबर हललं असेल."

"मंग मागं चल."

मागच्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. दिवाळीला जावई येऊन बसेपर्यंत ते काढायचं नाही, असा गुरुजींच्या बायकोचा, सरस्वतीबाईंचा हुकूम होता. त्यामुळे मागच्या दारांना बानोने हातही लावला नव्हता. दोन्ही पट्ट्या सरकन बाहेर आल्या. तिने खालची चटई उचलली. ती पाण्याने जड झाली होती, आणि खाली चिकटून बसल्या होत्या झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याच्या हाराच्या.

"फूल पाण्यासंगं आत आलं बेटा, बंद दारातून," ती म्हणाली. "बॅटरीवर चालव नाहीतर गोबरगॅसवर, मले काही म्हणणं नाही. धूर नाही, आवाज नाही, चांगलंच आहे. पण दरवाजा दरवाजासारखा लागला पाह्यजे ना! जुन्या कंपन्याही पह्यले गळतच होत्या. माह्या बशीरनं कितीकांचे दरवाजे ठोकले. त्यायनं लोकायच्या शिव्या खाल्ल्या, अन् शिकल्या. तुम्हाले शिव्याच नको. तुमची शिवी तुम्ही माह्या नावावर लिहून देल्ली."

शिवमने पाकळीकडे पाहिलं, मग काचेआड बसलेल्या गिऱ्हाइकांकडे. "सिस्टिममध्ये बदलता येत नाही हो."

"पेन आहे ना खिशात?"

त्याने गुरुजींच्या कागदावरची ओळ खोडली. वर लिहिलं, "दरवाजे कारखान्यातूनच सैल. वॉरंटीत दुरुस्ती." सही केली, शिक्का मारला. बानोने कागद गुरुजींना दिला.

"आता टपरीवर हाही वाचा. तेवढ्याच मोठ्यानं."

"हाव बाई," गुरुजी म्हणाले. "चुकलं माहं."

ती पुढच्या सीटचं ओलं कव्हर काढू लागली. फोम वाळवायला हवा होता. काढता काढता तिचा हात थांबला. डाव्या कव्हरच्या कडेला तीन टाके सुटले होते. कोणालाच दिसले नव्हते. आसिफ वाकून पाहत होता, म्हणून तिने ती कड उलटवून त्याच्यासमोरच धरली.

"हे मात्र माहं," ती म्हणाली आणि पर्समधून सुई काढली. "पाहून घे. मंग सांग, कापड परत पाह्यजे का?"

आसिफने कान धरला. "भाभी, माहं कवा शिवता ते सांगा."

"रांगेत ये," हुस्नबानो म्हणाली, आणि त्या थंडगार शोरूमच्या पायरीवर बसून टाका उसवू लागली.