एका चुलीवरच्या दोघी

"दोनशे पंधरा, दोनशे सोळा, दोनशे सतरा..."

"अगं, मीठ कुठे ठेवलंयस?"

सूनबाईचा हात थांबला. तांब्याची तार बोटांत ताणून धरून तिने डोळे मिटले. सतरा झाले होते की सोळा? आणि दोनशे की एकशे?

"सात वर्षं जिथे असतं तिथेच आहे, आई."

"तिथे बघितलं. म्हणून तर विचारतेय."

मीठ तिथेच होतं. तार मात्र सगळी उलगडून पहिल्यापासून गुंडाळावी लागली. पंख्याच्या त्या कॉइलला दोनशे ऐंशी वेढे लागतात. वेढे कमी पडले की कॉइल तापते, आणि अंदाजपंचे काम सूनबाईच्या स्वभावातच नव्हतं. ती तांदूळही वाटीला बोट लावून सपाट करून घ्यायची. सासूबाई मुठीने घ्यायच्या. सात वर्षांची भांडणं त्या एका मुठीत मावली असती.

पंखे दुरुस्तीचं शिक्षण तिला गल्लीच्या निधीतून मिळालं होतं. प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला फट पाडलेला. लोक सुटे पैसे त्यात टाकायचे. वर्षातून एकदा जुन्या कपड्यांची आणि भांड्यांची विक्री व्हायची, तेही पैसे त्यातच जायचे. त्यातून हातावर पोट असलेल्या बायकांना आधी एखादं काम शिकवायचं आणि मग त्या कामापुरतं छोटं कर्ज द्यायचं, अशी पद्धत होती. सूनबाई सहा आठवड्यांच्या वर्गात पहिली आली होती. आता तिला कर्ज हवं होतं ते तार गुंडाळायच्या यंत्रासाठी. यंत्र हातानेच फिरवायचं होतं, पण त्याच्या बाजूला एक इवलीशी खिडकी होती आणि वेढा पडला की तिच्यातला आकडा एकाने पुढे सरकायचा. कुणी काही विचारलं, कुणी शिंकलं, कुणाला मीठ सापडलं नाही, तरी तो आकडा विसरत नसे. वर्गात ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, कॉइलला चढवायच्या वॉर्निशचा वास लागला.

कर्ज पाचजणींच्या गटाला मिळे. तारण म्हणून काही ठेवायचं नाही, पाचजणींनी एकमेकींची हमी द्यायची. सूनबाईच्या गटात इस्त्रीवाली होती, अंडीवाली होती, शिवणवाली होती आणि केस कापणारी होती. यादी बंद व्हायला दहा दिवस उरले असताना केस कापणारी बहिणीच्या गावी निघून गेली, ती कायमचीच.

"केसानेच गळा कापला गं मेलीने," इस्त्रीवाली म्हणाली.

चौघींचा गट चालत नव्हता. पुढची यादी आणखी वर्षाने, डबे पुन्हा भरल्यावर. गल्लीतली उरलेली प्रत्येक बाई एकतर कुठल्यातरी गटात होती किंवा तिच्या नवऱ्याला असलं काही पसंत नव्हतं. सूनबाई तीन दिवस दारोदार फिरली आणि चौथ्या दिवशी भिंतीला टेकून बसली.

"मी येते की," सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या.

"तुम्ही?"

"का? मला हमी देता येत नाही? माझ्या शब्दाला गल्लीत वजन आहे म्हटलं."

"तसं नाही हो, आई. नियम आहे." सूनबाईने अर्ज काढून वाचला. "'एका चुलीवर जेवणाऱ्या दोघींनी एकमेकींची हमी देऊ नये.'"

सासूबाईंनी कांदा बाजूला ठेवला. "मग त्यात काय अवघड आहे? चूल वेगळी मांडू."

"काय?"

"अगं, सात वर्षं सगळी गल्ली वाट बघतेय आपण वेगळ्या कधी होतोय म्हणून. त्यांचीही हौस भागेल."

सूनबाईला खोटेपणा जमत नसे. तिने अट घातली, करायचं तर खरंखुरं करायचं. दोन शेगड्या, दोन मिठाचे डबे, दोन काडेपेट्या, आणि आपापलं शिजवून आपापलं खायचं. शिवणवालीने तिची जादा शेगडी उसनी दिली. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा त्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला सूनबाईची चूल झाली आणि पश्चिमेच्या भिंतीला सासूबाईंची. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली. अंडीवालीकडे तर दोघी येऊन डोळे पुसून गेल्या, "इतकी वर्षं कसं सोसलं असेल बिचारीनं" म्हणून. कोणती बिचारी, ते त्यांनी सांगितलं नाही.

अडचण झाली ती नवऱ्याची. तो छापखान्यातून दमून यायचा आणि दोन भिंतींच्या मधोमध उभा राहायचा.

"ये रे, गरम आहे," आई म्हणायची.

"वाढलंय हं," बायको म्हणायची.

तो शहाणा होता. कुणाचं चांगलं झालंय हे त्याने एकदाही सांगितलं नाही. दोन्हीकडे तो "पोट भरलं" एवढंच म्हणायचा आणि दोन्हीकडे त्याला पुन्हा वाढलं जायचं. पाच दिवसांत त्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला.

सासूबाईंची अडचण वेगळी होती. सात वर्षं भाजीत मीठ कमी पडलं की त्यांच्याजवळ बोलायला कुणीतरी होतं. आता भाजी त्यांचीच, मीठही त्यांचंच. दोन दिवस त्या घास घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत कुरकुरत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची कुरकुर एकदम बंद झाली. "जमलं वाटतं यांना," असं सूनबाईला वाटलं.

पण त्याच दिवसापासून एक कोडं सुरू झालं. ती सकाळी भाजी करून पंखे आणायला बाहेर पडे, तेव्हा भाजी पातेल्याच्या कानाच्या खिळ्यापर्यंत असे. दुपारी परत येऊन बघावं तर दोन बोटं खाली. नवऱ्याने छापखान्याची शपथ घेतली. झाकण घट्ट असताना इतकी वाफ उडून जात नाही, आणि वाफेबरोबर बटाट्याच्या फोडी तर मुळीच जात नाहीत, एवढं तिला शाळेपासून माहीत होतं. दुसरं कारण तिला सुचत नव्हतं. खरं म्हणजे सुचत होतं, पण ते आपल्याच घातलेल्या अटीच्या आड येत होतं, म्हणून तिने त्याकडे बघितलं नाही.

यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तपासनीसबाई आल्या. हातात फाइल, कानावर पेन्सिल, आणि बुटांना खडूची पांढरी भुकटी. दारातच त्यांनी बूट झटकले.

"मागच्या गल्लीतून येतेय," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या. "चुली किती?"

"दोन," दोघी एकदम म्हणाल्या.

"मिठाचे डबे?"

"दोन."

तपासनीसबाईंनी दोन्ही डबे उघडून बघितले. काडेपेट्या मोजल्या. "आणि यांचा मुलगा, म्हणजे तुमचा नवरा, कुठे जेवतो?"

"दोन्हीकडे," सूनबाई म्हणाली. हे अगदी खरं होतं, म्हणून तिने मान वर करून सांगितलं.

"आजी, तुम्हाला कर्ज कशासाठी हवंय?"

"शेगडीसाठी. ही शिवणवालीची आहे, परत द्यायला नको?"

तपासनीसबाईंनी लिहून घेतलं. मग नाक वर करून हुंगलं. "कसला हो वास येतोय?"

"फोडणीचा," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईनेही तो वास घेतला आणि लगेच ओळखला. असली फोडणी जगात कुठल्याच भाजीला कुणी देत नाही. पश्चिमेच्या चुलीवर मोठं पातेलं होतं, खाली मंद आच. ती काही बोलायच्या आत तपासनीसबाईंनी फडक्याने झाकण उचललं.

आत तळाला वाळू होती. वाळूवर ताटली होती. आणि ताटलीत वॉर्निश चढलेली पंख्याची एक कॉइल मुकाट बसली होती.

"आजी, हे तुम्ही जेवता?"

सूनबाईने आधी शेगडी बंद केली, कारण वॉर्निश ज्योतीजवळ नेऊ नये हा वर्गातला पहिला धडा होता.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलंत म्हणजे? दोन दिवस बाहेर वाऱ्यावर टांगून ठेवली होतीस, तरी बोटाला चिकटत होती. तूच घोकत होतीस ना रात्रंदिवस, नीट वाळली नाही तर जळते म्हणून. गिऱ्हाईक उद्या येणार. इथे दिवसभर रिकामी चूल पडून असते. म्हटलं, बसवावी तिलाच."

सूनबाईने कॉइलला बोट लावलं. खणखणीत वाळली होती. चिकटत नव्हती, कुठे काळवंडलीही नव्हती. इतकी चांगली तिची स्वतःचीही कधी वाळली नव्हती.

"रिकामी चूल," तपासनीसबाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "म्हणजे तुम्ही जेवता कुठे, आजी?"

सासूबाईंनी पदर नसलेल्या खांद्यावरून उगाचच काहीतरी झटकलं. सूनबाईला वाटलं, आता गेलं यंत्र. गेली ती खिडकी, गेला तो न विसरणारा आकडा. एक शब्द बोलून टाकावा, "शेजारी जेवतात" म्हणावं. शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला.

"माझ्या पातेल्यातलं खातात," ती म्हणाली. "दुपारी. दोन बोटं."

"तुला ठाऊक होतं?" सासूबाई चमकल्या.

"खिळ्यापर्यंत असते हो भाजी."

"बघा!" सासूबाई तपासनीसबाईंकडे वळल्या. "भाजीसुद्धा मोजून ठेवते! अशी सून आहे माझी. हिच्या हिशेबात कधी फरक पडेल का? हिची हमी मी नाही द्यायची तर कुणी द्यायची?"

"नियम आहे, आजी. एका घरातल्या दोघी असल्या की एक आजारी पडली तरी हप्ते दोघींचे थकतात. मग बाकीच्या तिघींच्या गळ्याशी येतं." तपासनीसबाई खाली बसल्या आणि बुटावरचा खडू पुन्हा झटकू लागल्या. "आज सकाळपासून दुसरं घर हे. मागच्या गल्लीत एका खोलीत मधोमध खडूची रेघ मारली होती. अलीकडे सासू, पलीकडे सून. मी बसले तर दोघींनी आपापल्या बाजूने चहा दिला. सासूच्या चहाचा कप सुनेच्या बशीत. त्यांच्याही गटात एक कमी."

सूनबाईने बुटाकडे बघितलं, मग फाइलकडे. तिच्या डोक्यात दोन गट समोरासमोर मांडले गेले, चार इकडे, चार तिकडे, आणि मध्ये दोन सासवा.

"बाई," ती म्हणाली, "सासवा बदलल्या तर?"

तपासनीसबाईंचा हात थांबला. त्यांनी फाइलमधून दुसरा अर्ज काढला, दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि बराच वेळ नियम वाचला. मग खोडरबर मागितलं.

"म्हणजे मी परक्या सुनेची हमी घ्यायची?" सासूबाई म्हणाल्या. "ओळख ना पाळख."

"आई, तिला वेढे मोजायचे नसतात. तिला कितीही वेळा मीठ विचारा."

यंत्र तीन आठवड्यांनी आलं. शिवणवालीची शेगडी परत गेली आणि सासूबाईंच्या कर्जातून नवी आली, ती फक्त कॉइली वाळवायला. जेवण पूर्वीसारखं पूर्वेच्या चुलीवर होऊ लागलं. नवऱ्याचा पट्टा जागेवर आला. गल्लीतल्या ज्यांनी डोळे पुसले होते त्यांची निराशा झाली.

दर आठवड्याला गटाची बैठक असे. सूनबाईच्या गटात मागच्या गल्लीतली खुर्च्या विणणारी सासू येऊ लागली. हातात विणकाम आणि तोंडाने सुनेचं कौतुक. माझी सून अशी, माझी सून तशी.

"घरी हे बोललात का कधी, मावशी?" इस्त्रीवालीने विचारलं.

"छे! डोक्यावर बसेल. तुम्हीही सांगू नका हो." मग ती सूनबाईकडे वळली. "तुझ्या सासूचंही तिकडे तेच चालतं. माझी सून सांगत होती. 'माझी सून मेलेल्या पंख्यात जीव घालते, अख्ख्या गल्लीत तिच्या तोडीची कुणी नाही.' दर आठवड्याला. त्या पोरींना पाठ झालंय."

त्या दिवशी संध्याकाळी सूनबाई यंत्रापाशी बसली होती. मूठ फिरत होती, खिडकीतले आकडे सरकत होते. दोनशे पंधरा, दोनशे सोळा.

"भाजीत मीठ कमी होतं आज," सासूबाई म्हणाल्या.

दोनशे सतराला सूनबाईने स्वतःहून मूठ थांबवली. "आई, तुम्ही तिकडे गटात माझ्याबद्दल काय सांगता हो?"

"काही नाही."

"मावशी म्हणत होत्या..."

"तिकडचं तिकडे," सासूबाई म्हणाल्या आणि वाळवायची कॉइल पातेल्यात नीट ठेवली. "एका चुलीवर जेवणाऱ्या दोघींनी एकमेकींची हमी द्यायची नसते. नियम आहे."