शेवटचा वाटा

मी परळच्या मासळी बाजारातली एक जुनी बर्फाची पेटी आहे. निळ्या प्लॅस्टिकची. कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझं झाकण घट्ट बसायचं. आता एका कडेला तडा गेला आहे.

मित्रांनो, सोळा वर्षं मी राधाबाईंच्या ओट्याखाली आहे. राधाबाई वरळीच्या कोळीण. सकाळी त्या ओट्यावर बोंबलांचे तीनच वाटे मांडतात. बाकीचे माझ्या पोटात, बर्फाखाली. गिऱ्हाईक घुटमळलं की म्हणतात, "शेवटचा वाटा हाय, ने बाबा. मग मिळायचा नाय." गिऱ्हाईक घाईनं पिशवी पुढं करतं. ते वळलं की माझं झाकण उघडतं. बोंबील तेच, मग 'शेवटचा' म्हटल्यावर माणूस इतका का घाबरतो, याचं मला फार कुतूहल वाटायचं.

यंदा राधाबाईंच्या पायाच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला. त्यांना मधुमेह. जखम भरेना. तेवढ्यात मोबाइलवर साखर उतरवणाऱ्या एका पुडीची जाहिरात आली. पांढऱ्या कोटातला माणूस सांगत होता, साखरेच्या गोळ्या मूत्रपिंड खातात. दहा लाख लोकांनी त्या सोडल्या. राधाबाईंनी पूड मागवायच्या आधीच गोळ्या सोडल्या. पाचव्या दिवशी अंगठा सुजून काळपट झाला.

त्या दुपारी बाजार ओसरल्यावर त्या मला बाहेर ओढून माझ्यावर बसल्या आणि पूड मागवायला लागल्या. सून वैशालीनं फोन मागितला.

"आई, हा डॉक्टर कोण?"

"कोट दिसत नाय तुला?"

वैशालीनं चित्र थांबवलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'डॉक्टरची भूमिका कलाकाराने केली आहे.'

"कोट काय, आपला बर्फवालाही घालेल."

"अगं, पण बाजूच्या काशीची साखर उतरली ना या पुडीनं."

"काशीमावशींनी गोळ्या सोडल्याच नाहीत. वर रात्रीचा भात बंद केला. मग साखर कशानं उतरली?"

राधाबाई हळूच म्हणाल्या, "आजच घ्यायला पायजे. शेवटचे वीस डबे राहिलेत म्हणतो."

वैशालीनं फक्त खाली माझ्याकडे पाहिलं. राधाबाईंनीही पाहिलं. आधी त्या चिडल्या, मग पोट धरून हसल्या.

"मेला माझाच धंदा मला विकतोय."

त्याच संध्याकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. आणखी चार दिवस गेले असते तर अंगठा कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरायला महिना लागला.

ते दहा लाख लोक कुणी मोजले, हे मला अजून कळलेलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी अशी जाहिरात पाहून औषध सोडत असेल, तर त्याला हसू नका, रागावूही नका. शेजारी बसा आणि ती जाहिरात दोघं मिळून पुन्हा एकदा, सावकाश पाहा.