तुऱ्यांवर फिरलेली कात्री

चाळीस वर्षं सलून चालवून काका निवृत्त झाले, पण त्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. समोर काही वाढलेलं दिसलं की बोटं शिवशिवायची. म्हणूनच मक्याचं संकरित बी घरीच तयार करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा काकूंनी आधी कात्री कुठे आहे ते पाहिलं.

"सोपं आहे गं," काका म्हणाले. "चार ओळी पांढऱ्या मक्याच्या, त्या आया. दोन पिवळ्याच्या, ते बाप. शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग झडतो, खाली कणसाला मिशा फुटतात. एका मिशीला पराग मिळाला की एक दाणा भरतो. आयांचे तुरे आधीच कापले, की पराग मिळणार तो फक्त बापाचा."

"आयांना मिशा?"

"असतात," म्हणून काकांनी विषय बदलला.

तुरे डोकावले त्या सकाळी जुनी कात्री बाहेर निघाली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. हात असा चालला की काका शीळ घालायला लागले. शेवटचा तुरा पडल्यावर ते दोन पावलं मागे सरले. सगळं कसं एका पातळीत!

"सहाही ओळी?" काकू दारातून म्हणाल्या. "आणि बाप कुठे गेले?"

काकांनी पडलेला एक तुरा उचलून शेंड्याला लावून पाहिला. कापलेलं परत चिकटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आठवड्याभरात कणसांना मिशा फुटल्या आणि काकांची झोप उडाली. काकूंनी त्याच पुडीतून दिलेला पिवळा मका भिंतीपलीकडे व्याह्यांकडे तुऱ्यावर होता, पण वारा नेमका उलटा. व्याही दातांचे डॉक्टर. चार वर्षांपूर्वी त्यांचे शेवटचे केस गेले तेव्हा काका म्हणाले होते, "आता तुम्हाला कात्री नको, फडकं पुरे." तेव्हापासून अबोला.

नाइलाजाने काका कागदी पिशवी घेऊन गेले.

"व्याहीबुवा, थोडा पराग हवा होता."

"का? तुमचे तुरे कुठे गेले?"

काकांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर इतके हसले की तोल जाऊन मक्यातच कोसळले, आणि वरून तुरे झडले. उठले तेव्हा त्यांच्या घामट टकलावर पिवळी भुकटी नुसती चमकत होती.

"हलू नका!" काका ओरडले. "अगं, ब्रश आण!"

काकूंनी मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश भिंतीवरून दिला. जितका सुटला तितका पराग काकांनी पिशवीत उतरवला, बाकीचा तुरे हलवून घेतला. डॉक्टर डोळे मिटून बसले होते.

"कानामागे राहिलाय," ते हळूच म्हणाले. चार वर्षांत त्यांच्या डोक्याला कुणी एवढ्या मायेने हात लावला नव्हता.

चार दिवस सकाळी काका डॉक्टरांकडून ताजा पराग आणून मिशांवर शिंपडत राहिले. कणसं वाळल्यावर दोघा व्याह्यांनी मिळून ती सोलली. पांढऱ्या आईच्या पोटी फिकट पिवळे दाणे! काकांनी डॉक्टरांना मिठीच मारली.

"आता पुढे याचंच बी धरायचं ना?" काकूंनी विचारलं.

"छे! त्याचं पीक सरमिसळ निघतं. दर वेळी आई-बाप नव्याने लावायचे, तुरे नव्याने कापायचे."

काकूंनी कात्री उचलली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली.

"कापीन मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं नुसते मोजा. चारपर्यंत."