दुखण्याची नावं

चिंचवड गावठाणात मंजुळाबाईच्या हातावर जन्मलेली माणसं एका जागी उभी करायची म्हटली, तर देवळापुढचं पटांगण पुरलं नसतं. सासू गेल्यापासून तीस वर्षं गावचं सुईणपण तिच्याकडे होतं. १९५५ साली स्टेशनच्या वाटेवर लोकल बोर्डानं दोन खोल्यांचं प्रसूतिगृह काढलं, तेव्हा सरपंच उद्धवरावांनी तिला बोलावून घेतलं. बायकांनी आता तिथं जायचं, आणि मंजुळाबाईनंही तिथंच आया म्हणून लागायचं, असं त्यांनी सांगितलं. पाणी तापवायचं, कपडे उकळायचे, नर्सच्या हाताखाली राहायचं. ‘हाताखाली’ हा शब्द तिला फार लागला. पण घरी बसलं तर होतं तेही जाईल, हे तिला कळत होतं. ती कामावर गेली.

नर्स मलबारकडची होती. दाक्षायणी तिचं नाव, वय असेल चोवीस-पंचवीस. शिक्षण मद्रासला झालेलं, आणि भाऊ खडकीच्या कारखान्यात कारकून, म्हणून ती इकडे आलेली. कामाला चोख होती. भांडी तीनदा उकळायची, नखं कापल्याशिवाय कुणाला आत येऊ द्यायची नाही. फक्त मराठीचं अक्षर येत नव्हतं. आठवड्यातून दोनदा पुण्याहून डॉक्टर यायचे, ते तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. बाकीचे पाच दिवस ती मुकी.

यावर उपाय म्हणून बोर्डानं शाळेतल्या लक्ष्मणराव मास्तरांना तिची शिकवणी लावून दिली. मास्तर रोज दुपारी यायचे आणि व्हरांड्यात बसून तिच्याकडून घोकून घ्यायचे. मी बसतो, मी बसते. देव, देवास, देवाने. दाक्षायणी सगळं वहीत उतरवायची, दुसऱ्या दिवशी न चुकता म्हणून दाखवायची. मास्तर खूश असायचे. मंजुळाबाई चुलीपाशी बसून ऐकायची. महिन्याभरात नर्सला सगळ्या विभक्ती आल्या, पण मोरीत पाणी संपलंय हे सांगायला ती अजून रिकामी बादली उचलून दाखवत होती.

आषाढात दापोडीच्या अंबुबाईनं आपल्या सुनेला, इंद्रायणीला, बैलगाडीतून आणलं. पहिलटकरीण होती, सकाळपासून कळा देत होती. दुपार कलली तरी सुटका होईना. पोरगी नुसती ओरडत होती, आणि ओरडण्यातच तिची ताकद जात होती. दाक्षायणी वाकून म्हणाली, “ढकला.”

हा शब्द तिनं दोन दिवसांपूर्वी मास्तरांना विचारून घेतला होता. कशासाठी हवाय ते लाजून सांगितलं नव्हतं. मास्तरांनी इंग्रजी शब्दाचा बरोबर अर्थ सांगितला होता, वर आदरार्थी आज्ञार्थही करून दिला होता.

“ढकला, ढकला,” नर्स पुन्हा म्हणाली. खाट हलवायचीय असं वाटून अंबुबाईनं कंबर कसली आणि खाट सुनेसकट भिंतीकडे लोटली. इंद्रायणीनं घाबरून नर्सचाच हात झिडकारला.

मंजुळाबाई दारात उभी होती. आता काय हवंय हे तिला लांबून दिसत होतं. आणि तिच्या मनात आलं ते असं, की आपण काही बोललो नाही तर हे अवघड होईल, तीन गावांत बोभाटा होईल, आणि पुन्हा कुणी बाई इथं पाय ठेवणार नाही. सगळी बोलावणी पुन्हा आपल्या दारी येतील. असं तिच्या मनात आलं खरं. दाक्षायणीनं एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागली. इंद्रायणी आता ओरडतही नव्हती, कण्हत होती.

मंजुळाबाई आत गेली. पोरीच्या डोक्याशी बसून म्हणाली, “वरडू नगं. कळ आली की दम धर आन् खाली जोर लाव. हां, लाव जोर. गेली कळ? सोड आता. दम खा.”

दाक्षायणीनं ते ऐकलं. पुढच्या कळेला तिनं स्वतःच म्हटलं, “जोर लाव.” कळ ओसरली तशी म्हणाली, “दम खा.” मंजुळाबाईनं नुसते पोरीचे हात धरून ठेवले. तासाभरात मुलगा झाला. नाळ गळ्याभोवती होती, ती नर्सनं इतक्या सफाईनं सोडवली, की मंजुळाबाई बघत राहिली. असं मूल तिच्या हातून दोनदा गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणी वही-पेन्सिल घेऊन चुलीपाशी आली आणि उकिडवी बसून म्हणाली, “आपण मला शिकवाल काय?” वाक्य पाठ करून आली होती. हिला बोलायला शिकवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे मंजुळाबाईला स्वच्छ दिसत होतं. पण नाळ सोडवणारी ती बोटंही डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी तिनं वही काढून घेतली, फडताळात ठेवली आणि म्हणाली, “तोंडानं माग, मंग मिळंल.”

मंजुळाबाईला काही शिकवता येत नव्हतं. सून घरात आली की तिला जसं कामाला लावतात, तसं तिनं नर्सला लावलं. पाणी ठेव म्हणत पाणी ठेवायचं, उतरव म्हणत उतरवायचं. हातवारे केले की ती पाठ फिरवायची. एकदा तिनं दाक्षायणीला भिमाजी वाण्याकडे ओवा आणायला धाडलं. बोट दाखवून मागितलं तर द्यायचं नाही, असा भिमाजीला आधीच निरोप होता. पहिल्यांदा हळद आली, मग बडीशेप. तिसऱ्या खेपेला नर्स दुकानात ठाण मांडून बसली आणि बाळंतिणीच्या पोटात वारा धरल्यावर काय देतात, असं तिला येत होते तेवढ्या शब्दांत विचारत राहिली. ओवा घेऊनच उठली. दुकानातल्या चार बायका तिला घराकडच्या वाटेपर्यंत सोडायला आल्या.

दुपारचं काम उरकलं की मंजुळाबाई तिला गावठाणात घरोघर न्यायची. बायका आपलं दुखणं सांगायच्या. कुणाला कळ मारायची, कुणाला ठणका लागायचा, कुणाच्या पाठीत चमक निघायची, कुणाला पोटात मुरडा यायचा, कुणाला नुसतंच अवघडल्यागत व्हायचं. वहीत दाक्षायणीकडे या सगळ्याला एकच शब्द होता, दुखणे. आता बाईचा हात कुठं जातो आणि तोंड कसं होतं, हे बघून ती एकेक शब्द उचलू लागली. मुरड्याला वेगळं औषध आणि चमकेला वेगळं, त्यामुळे एकदा आलेला शब्द पुन्हा गेला नाही.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते आधी नाराज झाले. त्यांची विद्यार्थिनी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ बोलू लागली होती. त्यातच एका सकाळी तिनं डॉक्टरांना दारातच विचारलं, “तू कवा आलास?” डॉक्टरांचा चेहरा पडला. मंजुळाबाई गावात लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करायची, निम्म्यांना तिनंच जगात आणलं होतं. नर्सनं ते जसंच्या तसं घेतलं होतं. मास्तर धावून आले आणि कुणाला तू म्हणायचं, कुणाला तुम्ही, हे त्यांनी समजावलं. यावेळी तिला ते एका बैठकीत समजलं, कारण चूक आधी करून झाली होती. त्यानंतर मास्तरांनी धडा बदलला. आज काय ऐकलंस, असं ते आधी विचारायचे, आणि त्यातच काय नियम असेल तो काढून दाखवायचे. दुखण्याची नावं तर ते स्वतःच लिहून घ्यायला लागले.

मराठीच्या सरकारी परीक्षेत दाक्षायणी पहिल्या वर्षी लेखीत नापास झाली. उत्तरात तिनं ‘न्हाई’ लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी तयारी करून घेतली आणि ती पास झाली.

मंजुळाबाईला धास्ती होती तसंच झालं. अजून घरीच बाळंत होणाऱ्या बायकांची तिला बोलावणी येत होती; त्यांतली आधी आकुर्डीची थांबली, मग गावठाणातली. एका घरी तर तिला सरळ सांगितलं, की ती नर्स अगदी आपल्यासारखं बोलते, मग तिकडंच जातो. मंजुळाबाई तशीच माघारी फिरली. घरी येऊन जेवली नाही, इतकंच. तिच्या मुलाची, मालोजीची बायको सुमन तेव्हा पोटुशी होती. दिवस भरत आले तेव्हा सुमननं नवऱ्याकडून सासूच्या कानावर घातलं, की मला दवाखान्यात जायचंय.

मंजुळाबाई तिला घेऊन गेली. कळा सुरू झाल्यावर सवयीनं बाह्या सावरून आत शिरली आणि सुमनच्या उशाशी जाऊन सूचना देऊ लागली. हे कर, ते करू नगं. सुमन एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. दाक्षायणीनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग हात न थांबवता म्हणाली, “मावशी, तुमी आज सासू हाय, सुईण न्हाई. जीव थाऱ्यावर न्हाई तुमचा. भाईर बसा.”

यातला एकही शब्द मंजुळाबाईनं तिला असा जोडून शिकवला नव्हता. ‘जीव थाऱ्यावर’ तर तिनं कुठून उचललं, देव जाणे. मंजुळाबाईला राग आला आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींतलं आधी काय वाटलं हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. तीस वर्षांत बंद दाराबाहेर बसायची तिची ही पहिली वेळ होती.

दिवस मावळायच्या आत नात झाली. दाक्षायणीनं दार उघडून मंजुळाबाईला आत घेतलं. पोर किरकोळ होती, पण आवाज खणखणीत होता. बाळ-बाळंतिणीला घरी नेल्यावर मंजुळाबाईनं पायांवर घेऊन रोज तिला न्हाऊ घातलं, आणि सव्वा महिना सुमनला खाटेवरून उठू दिलं नाही.