एकोणीस दिवसांचा राजा

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर नीलकंठच्या बायकोनं, शमानं, मुलीला घेऊन पुणं गाठलं. नागोयाला धक्का तसा बेताचाच बसला होता, पण तिनं धसका घेतला तो घेतलाच. दोन वर्षं झाली तरी परतायचं नाव नाही. नीलकंठ मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. घरी आल्यावर बोलायला कुणी नाही.

खालच्या मजल्यावर लुडविक राहायचे. वय पंचाहत्तर, कॉलेजात फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले. जपानी बायको वारलेली. कचरा टाकताना दोघांची जपानीतून ओळख झाली, मग दर रविवारी चहा.

अशाच एका रविवारी त्यांनी कागद पुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही कराल?"

नीलकंठला तेव्हा कळलं. वेल्मार नावाचं युरोपातलं चिमुकलं डोंगरी राज्य. वडील युद्धात गेले आणि सात वर्षांचे लुडविक गादीवर बसले. एकोणिसाव्या दिवशी रणगाडे आले. राज्य बुडालं, आईनं त्यांना दुधाच्या गाडीत लपवून सीमेपार नेलं. तरी तिथली चार म्हातारी माणसं दरवर्षी पत्र लिहून वारसाचं नाव विचारायची.

"मला मूलबाळ नाही. चुलतभावाची मुलगी आहे, दातांची डॉक्टर. ती म्हणते, हे लोढणं मला नको. म्हणून लिहिलंय, माझ्यानंतर कोणी नाही."

"वाईट नाही वाटत?"

"एकोणीसपैकी बारा दिवस मला गोवर होता," ते हसले. मग म्हणाले, "पत्रं मात्र बंद होतील. मला टपाल तेवढंच येतं."

"मग राहू द्या ना कागद."

"नाही, नीलकंठ-सान. त्यांना किती झुलवत ठेवायचं?"

नीलकंठनं मराठीत सही केली.

फेब्रुवारीत लुडविक झोपेतच गेले. नातेवाईक कुणी आले नाहीत. दहनानंतर तिथल्या रीतीप्रमाणे अस्थी चॉपस्टिक्सनं वेचायला दोघंच होती, नीलकंठ आणि इमारतीची देखभाल करणाऱ्या बाई. फॉर्मवर 'नातं' या रकान्यात त्यानं 'शेजारी' लिहिलं.

वेल्मारच्या पत्त्यावर त्यानंच इंग्रजीत कळवलं. महिन्याभरानं थरथरत्या अक्षरातलं उत्तर आलं: 'आम्ही त्यांना फक्त लहानपणी पाहिलं. म्हातारपणी ते कसे दिसायचे? फोटो असेल तर पाठवा.'

नीलकंठनं सगळा मोबाईल धुंडाळला. मुलीचे शेकडो फोटो होते, लुडविकचा एकही नव्हता. शेवटी त्यानं कोरा कागद घेतला आणि लिहायला बसला: उंच होते, खांद्यात जरा वाकलेले...