थॉर्नबीची दोन पत्रं

शुक्रवारी सकाळी दयानंद मेश्रामने लॅपटॉपवरचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. चहा केव्हाच गार झाला होता.

थॉर्नबी हा दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या पत्रांचे फोटो एका संस्थेने इंटरनेटवर टाकले होते आणि जगभरचे हौशी लोक ती वाचून टाइप करून देत. मस्कतमध्ये सरकारच्या रस्ते खात्यात इंजिनीयर असलेला दयानंद त्यांच्यातलाच एक.

थॉर्नबी वेधशाळेचा प्रमुख होता, शिवाय सरकारचा सल्लागारही. वेधशाळेजवळून रेल्वेचा दुसरा मार्ग न्यायचा होता, म्हणून सरकारने त्याचं मत मागवलं. त्याने मंत्र्याला कळवलं, 'विशेष हरकत नाही.' त्याच तारखेला मित्राला लिहिलं, 'आताच्या एका मार्गावरून गाडी गेली तरी वेधाच्या थाळीतला पारा थरथरतो आणि ताऱ्याचं प्रतिबिंब विस्कटतं. हे मी वर कळवलेलं नाही.'

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात दयानंदच्या टेबलावर एक टिपण सहीसाठी पडलं होतं. इब्रीजवळच्या नव्या रस्त्यावरच्या दिव्यांचा वाळवंटातल्या आकाशावर परिणाम होणार नाही, असं त्यात लिहिलेलं. आणि त्याच वाळवंटातल्या आकाशाचा काळोख तो सहा वर्षं स्वतःच्या छोट्या मीटरने मोजत आला होता. त्या रस्त्याच्या पहिल्या टप्प्याचे दिवे लागल्यापासून आकाश उजळत चाललं होतं. ते आकडे तो ईमेलने एका स्पॅनिश संशोधक बाईंना पाठवायचा. आता त्यांनी विचारलं होतं, तुमच्या नावानिशी छापू का?

"सही करून टाका ना," त्याची बायको माधवी म्हणाली. "जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुमचं."

"आणि बाईंचा लेख आला म्हणजे? तिथेही माझं नाव, इथेही माझंच."

"मग त्यांना नाही म्हणा."

"आकडे खरे आहेत गं."

माधवीने गार चहाचा कप उचलला. मग म्हणाली, "तर मग आधी साहेबांना दाखवा. बाहेरून कळलं तर जास्त वाईट."

रविवारी आठवड्याचं कामकाज सुरू होताच त्याने आकड्यांची तीन पानं डायरेक्टर सालेमसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश उलटली.

"ऑफिसच्या मीटरने मोजलंत?"

"नाही सर. माझ्या. सुट्टीच्या दिवशी."

"बाहेर कुणाला पाठवलंत?"

"हो सर. सहा वर्षं पाठवतोय."

"ठेवून जा," एवढंच ते म्हणाले.

नऊ दिवस काहीच झालं नाही. एचआरचा फोन आला की तो हातातलं काम टाकून उचलायचा. निघायची ती एखादी फालतू चौकशी. घरी तो पुन्हा पुन्हा रेसिडेंट कार्डावरची मुदतीची तारीख बघायचा. माधवीने नवा फ्रिज घ्यायचं पुढे ढकललं, त्याला न विचारताच. थॉर्नबीने पुढे कधी खरं सांगितलं का, हे शोधत त्याने अकरा वर्षांची पत्रं चाळली. धूमकेतू होता, संधिवात होता, कारकुनांच्या तक्रारी होत्या. रेल्वेचा उल्लेख नव्हता.

दहाव्या दिवशी सालेमसाहेबांनी बोलावलं. टेबलावर नवं टिपण होतं. दिव्यांना वरून झाकण, खांब बुटके, शेवटचे बारा किलोमीटर दिवेच नाहीत. खाली सही प्रीतमची, शेजारच्या टेबलावरच्या इंजिनीयरची.

"आकडे तुमचे आणि मंजुरीही तुमचीच, असं चालणार नाही," साहेब म्हणाले. "इब्रीचं काम खलास. उद्यापासून तुम्ही रुस्ताकचे रस्ते बघा."

"आणि माझं कॉन्ट्रॅक्ट, सर?"

"वर पाठवलंय. इन्शाल्ला."

"तो लेख..."

"खात्याचं नाव नको. तुमचं नाव तुमचं आहे."

पार्किंगमध्ये गाडी तापलेली होती. एसी लावायच्याही आधी दयानंदने स्पेनला उत्तर लिहिलं: छापा. नाव, दयानंद मेश्राम, मस्कत. हुद्दा लिहू नये.

मग त्याने माधवीला फोन केला. कॉन्ट्रॅक्टचं तिने विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

कॉन्ट्रॅक्ट मेच्या शेवटच्या आठवड्यात वाढलं. एरवी दोन वर्षांचं असायचं, या वेळी एकाच वर्षाचं.